लेबनॉन: अठरा पंथ, एक नोंदवही आणि देश सोडून गेलेली माणसं

आश्लेषा

पश्चिम आशियावरच्या मागच्या चर्चेत एक वाक्य दोनतीनदा आलं: "इतके धर्म एकाच ठिकाणी असले की माणसं देश सोडून जाणारच." मला ते पटत नाही, आणि तिथं चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. मी काही वर्षं बेरूतमध्ये पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. त्या निमित्तानं गावं आणि कचेऱ्या पुष्कळ पाहिल्या. लिहितेय ते तिथल्या माणसांकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलेलं.

देश केवढा? १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपला सातारा जिल्हा. तेवढ्यात सरकारमान्य १८ पंथ. मारोनी, ग्रीक ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, आर्मेनियन लोकांचे दोन, असे नुसते ख्रिस्ती बारा. शिवाय मुस्लिमांत मोजले जाणारे सुन्नी, शिया, द्रूझ, अलवी, इस्माइली, आणि ज्यू. ज्यू आता जवळजवळ उरलेच नाहीत, पण वादी अबू जमीलमधलं त्यांचं सिनेगॉग दुरुस्त करून उभं ठेवलंय.

राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, हे १९४३ च्या तोंडी करारापासून चालत आलंय. संसदेत तेव्हा सहा ख्रिस्ती जागांमागे पाच मुस्लिम जागा. यादवी युद्ध संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारानं ते निम्मं-निम्मं केलं, आता १२८ पैकी ६४-६४. सहास पाचाचा आधार होता १९३२ ची जनगणना. तीत ख्रिस्ती निम्म्याहून थोडे जास्त निघाले, आणि तेव्हाही परदेशी गेलेल्यांना मोजलं होतं. त्यानंतर लेबनॉनमध्ये जनगणना झालेली नाही. कुणाची टक्केवारी किती भरेल याची सगळ्यांनाच धास्ती, त्यामुळे मोजायचंच नाही.

आता स्थलांतर यात कुठं येतं ते सांगते. आमच्या घरमालकीणबाई राहायच्या बेरूतच्या अश्रफिये भागात, नवऱ्याचं गाव उत्तरेला झगर्ता भागात डोंगरात. मे २०१८ च्या निवडणुकीला त्या मला सोबत घेऊन गेल्या. तिकडे माणूस राहतो कुठंही, मत मात्र वाडवडिलांचं नाव ज्या गावच्या सरकारी नोंदवहीत आहे तिथंच. लग्न झालं की बाईचं नाव नवऱ्याच्या वहीत जातं. वाटेत बाईंनी पर्समधून कुटुंबाचा उतारा काढून दाखवला. साधा एक कागद. वर गाव आणि वहीतला क्रमांक, खाली नवरा, त्या स्वतः, तीन मुलं. प्रत्येकापुढे जन्मतारीख आणि पंथ. नवरा वारला होता. एक मुलगा सिडनीला, एक माँट्रियलला, मुलगी दुबईत. गावातलं घर वर्षातून एकदा उघडायचं. गच्चीवरची पाण्याची टाकी गंजून फुटलेली, मी सवयीनं आधी तीच पाहिली. कागदावर मात्र पाच माणसांचं भरलं घर. मतदान केंद्राबाहेर लावलेल्या यादीतही नावापुढे पंथ होताच.

२०२२ च्या मतदार यादीत ३९ लाखांहून जास्त नावं होती, आणि मतदानाचं वय २१. एवढे प्रौढ नागरिक त्या देशात प्रत्यक्ष राहतच नाहीत. म्हणजे गेलेला माणूस वहीतून जात नाही. आणि वहीत तो 'आमचा एक' म्हणून उभा असतो, त्यामुळे तो परत यावा याची घाई कुणाला नसते.

आता तो का जातो? एक उदाहरण पुरेल. २०१७ च्या सुमारास तिथं वनरक्षकांची सरकारी परीक्षा झाली, मुलं पास झाली आणि नेमणुका अडकल्या. पास झालेल्यांत ख्रिस्ती कमी आणि मुस्लिम जास्त, समतोल बिघडतो, म्हणून. कायद्यानं पंथवार वाटणी फक्त वरच्या श्रेणीच्या पदांना लागू आहे, वनरक्षक त्यात बसतही नाहीत. जी मुस्लिम मुलं पास झाली त्यांचं नुकसान तर झालंच, पण ख्रिस्ती मुलांचं तरी काय भलं झालं? जागा कुणालाच मिळाली नाही. अशा देशात बावीस वर्षांच्या मुलानं अभ्यास कशासाठी करायचा? एकतर आपल्या पंथाच्या पुढाऱ्याच्या दारात उभं राहायचं, नाहीतर विमानतळ गाठायचा. हॉस्पिटलची खाट, शाळेची फी, मुलाची नोकरी, सगळं त्याच दारातून. मी पाहिलेल्या घरांत विमानतळ गाठणारा जास्त सुखी होता, आणि घर चालत होतं त्याच्याच पैशांवर.

२०१९ नंतर तर कळसच झाला. डॉलरला १५०७ लिरा हा वर्षानुवर्षांचा दर ८९,५०० च्या घरात गेला, बँकांनी लोकांच्या ठेवी अडवल्या, आणि ४ ऑगस्ट २०२० ला बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. डॉक्टर, परिचारिका, प्राध्यापक गेले ते सगळ्या पंथांचे गेले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शेजारी वेगळ्या धर्माचा आहे म्हणून तिथला माणूस जात नाही. शेजाऱ्याबरोबर नागरिक म्हणून उभं राहायची जागा ठेवलेली नाही, म्हणून जातो. तुमच्यापैकी कुणाचा लेबनीज लोकांशी संबंध आला असेल तर लिहा.

खारेवारे

धागा आवडला. उताऱ्यावर भरलेलं घर आणि प्रत्यक्षात कुलूप, हे वाचून आमचं गाव डोळ्यांसमोर आलं. संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीत निम्मी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. पण आमचा चाकरमानी नाव मुंबईच्या यादीत घालून घेतो, तिथल्या नगरसेवकाला नळाच्या पाण्यासाठी धारेवर धरतो. लेबनीज माणसाला ती सोय नाही का? बेरूतमध्ये चाळीस वर्षं राहिला तरी त्याचं मत गावालाच?

आश्लेषा

गावालाच. नोंद हलवणं अगदी अशक्य नाही, पण फार किचकट आहे आणि पुढाऱ्यांना नकोच असतं. बेरूतच्या दक्षिणेकडच्या दाट वस्तीत लाखो माणसं राहतात, त्यातली बहुतेक मतदानाला दक्षिण लेबनॉन नाहीतर बेका खोऱ्यात जातात. त्यामुळे जिथं रोज कचरा आणि पाणी यांच्याशी झुंजायचं तिथल्या नगरपालिकेवर त्यांचा काडीचा जोर नाही. माझ्या कामात हे रोज आडवं यायचं. पाइप कुणासाठी टाकायचा, तर नगरपालिकेच्या लेखी जे तिथले नाहीतच त्यांच्यासाठी.

अबिजानहून

मी आयव्हरी कोस्टमध्ये काजूच्या व्यापारात आहे. इथं लेबनीज नाहीत असा धंदा दाखवा! सुपरमार्केट, प्लास्टिकचे कारखाने, लाकूड, कापड, सगळीकडे. बहुतेक जण दक्षिण लेबनॉनचे शिया. आजोबांच्या वेळची गोष्ट सगळे एकच सांगतात: मार्सेयहून अमेरिकेला निघालेले, पैसे संपले किंवा कुणी फसवलं, आणि डाकारला उतरले. ती कितपत खरी कोण जाणे, पण प्रत्येक घरात आहे.

आश्लेषाताईंच्या मुद्द्याला माझ्याकडून एक भर. आमच्या इथल्या एका गिऱ्हाईकाच्या घरी जेवायला होतो. म्हातारा शिया, त्याचा धंद्यातला भागीदार मारोनी, दोघं तीस वर्षं एकत्र. हिशेबाची वही एक, गोदाम एक, दोघांच्या बायका एकत्र भाजीला जातात. मी विचारलं, गावी गेलात की भेटता का? म्हणाला, गावी गेलो की मी माझ्या लोकांत, तो त्याच्या. भांडण अजिबात नाही, पण तिकडे एकमेकांशी कामच पडत नाही.

पैसा मात्र गावाला जातो. दक्षिणेत जवाया नावाचं गाव आहे, तिथले आफ्रिकेच्या पैशांवरचे बंगले प्रसिद्ध आहेत. उत्तरेत मिझियारा म्हणून मारोनी गाव आहे, तिथल्या लोकांचा धंदा नायजेरियात. त्या गावात एकानं विमानाच्या आकाराचं घर बांधलंय. फोटो पाहिलाय मी, खिडक्यांची रांग वगैरे हुबेहूब.

दुर्बीण

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. पंथवार जागा नसत्या तर लहान पंथांचं काय झालं असतं? इराककडे बघा. २००३ नंतर तिथल्या ख्रिस्ती वस्त्या कशा रिकाम्या झाल्या ते आपण पाहिलं. लेबनॉनमध्ये निदान राष्ट्राध्यक्ष ख्रिस्ती आहे, सैन्याचा प्रमुख ख्रिस्ती आहे, आर्मेनियन लोकांना संसदेत जागा आहेत. आर्मेनियन तर १९१५ च्या कत्तलीतून जीव वाचवून आलेले, त्यांना या देशानं नागरिकत्व दिलं, त्यांच्या शाळा आणि भाषा टिकली. 'सगळे फक्त नागरिक' हे ऐकायला छान वाटतं, पण ज्याची संख्या कमी त्याला त्यात भीती वाटते. ती भीती खोटी नाही. १९७५ ते १९९० च्या युद्धात ओळखपत्रावरचा पंथ बघून नाक्यानाक्यावर माणसं मारली गेली. त्या पिढीला वाटणी सोडा म्हणून सांगणार कोण?

आश्लेषा

दुर्बीण, भीती खरी आहे हे मला पूर्ण मान्य. आमच्या घरमालकीणबाईंचा भाऊ असाच एका नाक्यावरून परत आला नाही. मला प्रश्न पडतो तो असा, की या व्यवस्थेनं त्या भीतीवर काय दिलं? तुम्ही आर्मेनियन लोकांचं उदाहरण घेतलंत, तेच घेऊ. त्यांना संसदेत सहा जागा आहेत, पाच ऑर्थोडॉक्स आणि एक कॅथलिक. मी होते तेव्हाही सहा आणि युद्धानंतर ठरल्या तेव्हाही सहा. पण बुर्ज हम्मूद या त्यांच्या वस्तीत जाऊन बघा. सोनारांची आणि चांभारकामाची दुकानं आहेत, पाट्या आर्मेनियन लिपीत आहेत, वरच्या मजल्यांवर मात्र भाड्यानं राहणारे बाहेरचे मजूर आणि सीरियन निर्वासित. मुलं लॉस एंजेलिसला. आर्मेनियन शाळांचे वर्ग कमी होत गेले. जागा जशाच्या तशा राहिल्या आणि माणसं गेली. ज्या संरक्षणाखाली माणूसच उरत नाही ते कुणाचं संरक्षण?

आणि ताइफच्या करारात, आणि त्यानुसार बदललेल्या राज्यघटनेच्या ९५ व्या कलमात, ही वाटणी टप्प्याटप्प्यानं संपवायची आणि त्यासाठी राष्ट्रीय समिती नेमायची, असं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्यांनी ती मान्य केली त्यांनीही ती तात्पुरती म्हणूनच केली होती.

दुर्बीण

बुर्ज हम्मूदचं म्हणणं पटतं. पण माणसं गेली ती मुख्यतः युद्ध आणि पैशांमुळे, वाटणीमुळे नाही, असं मला अजूनही वाटतं. वाटणी नसलेल्या देशांतूनही माणसं जातातच की.

मंदाकिनी

दुर्बीण यांच्या बाजूनं इतिहासातली एक गोष्ट. पहिली मोठी लाट या व्यवस्थेच्या आधीची आहे. माउंट लेबनॉनमध्ये तेव्हा शेतकरी तुतीवर आणि रेशमावर जगत, गिऱ्हाईक फ्रान्समधलं ल्योन शहर. सुएझ कालवा १८६९ ला उघडला, जपानचं रेशीम स्वस्तात युरोपात जायला लागलं आणि इकडचा भाव पडला. त्याआधी १८६० मध्ये मारोनी-द्रूझ कत्तल झालेली. मग १८८० नंतर जहाजं भरभरून लोक ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेला. ऑटोमन कागदपत्रं असल्यामुळे तिकडे सगळ्यांना 'तुर्को' म्हणायचे. खलील जिब्रान आईबरोबर बॉस्टनला गेला तो १८९५ मध्ये, याच लाटेत. पहिल्या महायुद्धात माउंट लेबनॉनमध्ये दुष्काळ पडला, बंदरांची नाकेबंदी, त्यात टोळधाड. जवळजवळ एकतृतीयांश लोक मेले असं मानतात. जे तगले ते बाहेरून येणाऱ्या पैशांवर तगले.

मी साओ पावलोत राहते. इथं कोपऱ्याकोपऱ्यावर किब्बे आणि एस्फिहा मिळतात, आपल्याकडे वडापाव मिळावा तसे. शहरातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलचं नावच सिरियन-लेबनीज. सुरुवातीला आलेले बहुतेक ख्रिस्ती होते, नंतर बेका खोऱ्यातले सुन्नी आले. फोज दो इग्वासूला त्यांची मोठी मशीद आहे. म्हणजे 'ख्रिस्ती तेवढे पळाले' हेही खरं नाही. प्रत्येक पंथाची वेळ वेगळी आणि वाट वेगळी.

आश्लेषा

मंदाकिनी, फार चांगली भर. पहिली लाट भूक आणि रेशमाची, हे बरोबर. दुर्बीण, युद्ध आणि पैसा ही कारणं मी नाकारत नाही. पण २०१९ चं दिवाळं कुणी काढलं? युद्धातले टोळीप्रमुख पुढे मंत्री झाले, प्रत्येकानं आपापल्या पंथाच्या नावावर एकेक खातं सांभाळलं. चौकशी करू गेलं की 'आमच्या पंथावर हल्ला' म्हणून ओरड. बंदरातल्या स्फोटाची चौकशी किती वर्षं खोळंबली ते आठवा.

टेकडीवरची शाळा

माझा मामेभाऊ सैन्यात पशुवैद्य, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला होता. भारतीय तुकडी तिथं १९९८ पासून आहे. तो सांगतो, त्यांच्या भागात हसबया द्रूझ लोकांचं, मर्जायून ख्रिस्ती लोकांचं, खियाम शियांचं आणि शेबा सुन्नींचं, सगळं गाडीनं थोडक्या वेळाच्या अंतरावर. शेळ्या-मेंढ्यांचं शिबिर लागलं की चारी गावचे लोक एका रांगेत. म्हातारे एकमेकांच्या शेळीचं दूध किती, खुराक काय, यावर तास-तास बोलायचे. तरुण मात्र शिबिरात दिसायचे नाहीत, कारण गावात होतेच कुठे? २०२४ च्या युद्धात खियाम किती उद्ध्वस्त झालं ते बातम्यांत पाहून तो दोन दिवस धड जेवला नाही.

२००६ च्या युद्धात आपल्या नौदलानं बेरूतमधून दोन हजारांहून जास्त माणसं सायप्रसला नेली, त्यात आयएनएस मुंबई होती. नेपाळी आणि श्रीलंकेचे लोकही आणले होते.

सायली दुबई

सायप्रसवरून आठवलं. माझ्या ऑफिसात लेबनीज जोडपं आहे, ती सुन्नी, तो ग्रीक ऑर्थोडॉक्स. त्यांच्या देशात नोंदणी विवाह नाही, लग्न धर्मगुरूकडेच. पण बाहेर केलेलं नोंदणी लग्न सरकार मान्य करतं, म्हणून सायप्रसला विमानानं जाऊन लार्नाकाच्या नगरपालिकेत लग्न केलं. पाऊण तासाचं उड्डाण. तिकडे यासाठी दलाल आहेत, तिकीट, हॉटेल, कागद, सगळं ठरवून देतात. ती म्हणाली, लग्नासाठी देश सोडायची सवय झाली की नोकरीसाठी सोडताना जड जात नाही.

तिच्या वडिलांना दोन्ही मुलीच. सुन्नी कायद्यात मुलगा नसेल तर इस्टेटीतला काही वाटा काकांकडे जातो, शिया कायद्यात मुलींनाच मिळतो. म्हणून म्हातारपणी त्यांनी कागदावर पंथ बदलला. नमाज पूर्वीसारखाच. असे बाप तिथं पुष्कळ आहेत म्हणे, पुढारीसुद्धा.

दर्यावर्दी

मॉरिशसशी तुलना करावीशी वाटते, तिथं माझी बहीण दिलीय. तिथं ७० जणांच्या संसदेत आठ जागा 'बेस्ट लूझर' म्हणून समाजांचा तोल राखायला देतात. समाज चार धरतात: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे. आपले कोकणातून गेलेले मराठी लोक हिंदूंत. आणि आकडे कुठले, तर १९७२ च्या जनगणनेचे! १९८२ पासून समाजाचा प्रश्नच जनगणनेतून काढून टाकला. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बहुसंख्यांच्या धास्तीनं फ्रेंच वंशाची आणि क्रिओल कुटुंबं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला गेली, तरी गणित जुन्याच आकड्यांवर. फरक असा की तिथं गावोगावी शाळा आणि दवाखाना सरकारी आणि फुकट आहे, त्यासाठी समाजाच्या पुढाऱ्याकडे जावं लागत नाही. मला वाटतं आश्लेषा म्हणतात त्याचा खरा धागा इथं आहे.

आश्लेषा

दर्यावर्दी, अगदी. आकडे जुने असणं दोन्हीकडे सारखं. पण सरकारी शाळा आणि दवाखाना चांगला असला की पंथाचं ओझं हलकं होतं. लेबनॉनमध्ये बहुसंख्य मुलं खासगी शाळांत, त्यातल्या पुष्कळ पंथांच्याच. सलोखा नाही असं नाही. २५ मार्चला मेरीला देवदूतानं निरोप दिला तो सण २०१० पासून ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघांची राष्ट्रीय सुट्टी आहे, कारण ती कथा कुराणातही आहे. हरिसाच्या डोंगरावर मेरीच्या पुतळ्यापाशी नवस बोलायला आलेल्या बुरखेवाल्या बाया मी स्वतः पाहिल्यात.

खारेवारे

मग परदेशातल्या लोकांना मत आहे का? त्यांनी बाहेरून काही बदल घडवला?

आश्लेषा

२०१८ पासून आहे. २०२२ ला सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांनी नोंदणी केली आणि त्यांच्या मतांमुळे काही ठिकाणी जुन्या पक्षांबाहेरचे उमेदवार निवडून आले. म्हणूनच त्यांना वेगळं काढायची धडपड चालते. २०१७ च्या कायद्यात परदेशस्थांसाठी सहा वेगळ्या जागा लिहून ठेवल्यात, त्यासुद्धा सहा पंथांत वाटून: मारोनी, ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, सुन्नी, शिया, द्रूझ. २०२२ ला ती तरतूद स्थगित ठेवली, म्हणून त्यांना आपापल्या मूळ मतदारसंघात मत देता आलं. त्या सहा जागा अमलात आल्या तर सिडनीतल्या माणसाचं मत गावच्या पुढाऱ्याला लागणारच नाही.

मंदाकिनी

आणि नागरिकत्वाचं काय? माझी शेजारीण चौथ्या पिढीची, अरबीचा एक शब्द येत नाही, पण भावानं लेबनीज पासपोर्टसाठी अर्ज केलाय. तिला म्हणे करता येईल, पण तिच्या मुलांना मिळणार नाही. हे कसं?

आश्लेषा

कारण १९२५ चा नागरिकत्वाचा नियम अजून तोच आहे: वंश बापाकडून. २०१५ च्या कायद्यानं परदेशातल्या वंशजांना नागरिकत्व परत मिळवायची वाट दिली, तीही बापाच्या बाजूनं. त्यामुळे साओ पावलोतल्या तुमच्या शेजारणीचा भाऊ, ज्याच्या पणजोबानं बेरूत सोडलं, त्याला वहीत नाव घालायची सोय मिळाली. आणि आमच्या ऑफिसात जमाखर्च सांभाळणारी बेरूतची बाई, जन्मापासून त्याच गल्लीत राहिलेली, तिचा नवरा इजिप्तचा, म्हणून तिच्या दोन्ही मुलांना लेबनॉनमध्ये राहायला परवाना काढावा लागतो. मुलं तिथंच जन्मली, तिथंच शाळेत गेली. कायदा बदला म्हणून बायका किती वर्षं मोर्चे काढतायत. दरवेळी उत्तर एकच: आयांकडून नागरिकत्व दिलं तर सीरियन आणि पॅलेस्टिनी बापांची मुलं वहीत येतील आणि पंथांचा तोल बिघडेल. मी निघाले तेव्हा तिच्या मोठ्या मुलानं कॅनडाचा अर्ज भरला होता.